लीलो म्हणजे कोणता रंग

खडा पाहायचा तर दहा ते बाराच्या मधे. दहाच्या आधीचा उजेड खुशामती असतो, कोणत्याही खड्याला बरं म्हणतो. बारानंतरचा सासूसारखा, चांगल्यातही खोट काढतो. मधले दोन तास तेवढे खरं बोलतात. हे बबिता आडेला कोणी शिकवलं नव्हतं. तिची शाळा चौथीत सुटली, आणि चौथीच्या पुस्तकात पाचू-माणकांचा धडा नसतो.

आर्णीत वामनरावांचं सराफी दुकान आहे, त्याच्या मागे अरुंद अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात पाट टाकून बबिता उन्हाकडे पाठ करून बसायची. मांडीवर पांढऱ्या मलमलीचा तुकडा, हातात चिमटा, उजव्या डोळ्याला भिंग. मग बराच वेळ ती तिथे नसायचीच. दुकानात गिऱ्हाईक यायचं, जायचं, रस्त्यावर तुरीचे ट्रॅक्टर एकमेकांवर हॉर्न वाजवायचे, आणि बबिता एखाद्या गोमेदात उतरलेली असायची. गोमेद म्हणजे गुळाचा पाक, उकळता उकळता कोणीतरी हाक मारली म्हणून थांबलेला. तामड्यात अंबाडीची लाल बोंडं भिजत घातलेली. माणकात ती फार वेळ राहत नसे. माणकात गर्दी फार, म्हणायची.

बावीस वर्षांपूर्वी ती या दुकानात आली ती आपल्या याडीची, म्हणजे आईची, केसांत घालायची चांदीची घुगरी सांधून घ्यायला. त्या काळी सराफाच्या दुकानात बंजारा तांड्यावरच्या बाईनं तोंड उघडायचं ते भाव पाडायला, एवढाच रिवाज. हिनं तोंड उघडलं ते तबकातल्या दहा लाल खड्यांकडे बोट दाखवून. म्हणाली, "हा एक यायच्यातला नाई." वामनरावांनी विचारलं, काहून? तिनं तो खडा उचलून वरच्या ओठाला टेकवला, मग दुसरा टेकवला, आणि म्हणाली, "बाकीचे थंडे हायेत. हा माणसासारखा लवकर गरम होते." तो काचेचा निघाला. वामनरावांना तो कोणी विकला होता हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पण पुढच्या सोमवारपासून बबिता अंगणात पाटावर बसू लागली.

लहानपणापासून ती काचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे-मणी टाकायची, एका पिशवीतून दोनशे मणी निवडायची. डोळा तिथेच तयार झाला. बाकीचं तिनं खड्यांकडून शिकून घेतलं. खडे काही लपवत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

आता वामनराव चौऱ्याहत्तरचे. दुकान त्यांची सून कोकिळा पाहते. कोकिळा पस्तिशीची, कापूस-सोयाबीनवाल्या घरातली, बोलायला तिखट आणि कल्पना तिच्याकडे वाटाण्याच्या शेंगेसारख्या, सोललं की पाच. यंदा तिनं ठरवलं, नागपूरच्या प्रदर्शनात सात दागिने मांडायचे. आकार तांड्यावरच्या जुन्या दागिन्यांचे, गळ्यातली हासली, केसांतून कानावर लोंबणारी टोपली, घुगरी, असे. पण लहान केलेले, ऑफिसात घालून गेलं तरी मान मोडणार नाही असे. प्रत्येकात एकच रंगीत खडा. आणि सातही खडे बबितानं निवडायचे.

"अन् ताई, सोबत एक कार्ड छापतो," कोकिळा म्हणाली होती. "त्याच्यावर दागिन्यायची नावं, रंगायची नावं, अन् खाली, खडे निवडले, बबिता आडे."

बबितानं चहाचा कप विसळून ठेवला. पण त्या संध्याकाळी काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसून तांड्याकडे जाताना तिनं मनातल्या मनात स्वतःचं नाव म्हणून पाहिलं. छापलेलं कसं दिसेल तसं, सावकाश. मग दुसऱ्यांदा. शेजारच्या बाईनं विचारलं, कायले हासून राह्यली व? तेव्हा तिला लाज वाटली. बावीस वर्षं खडे तिनं निवडले आणि नाव दुकानाचं झालं, यात तिला कधी काही खटकलं नव्हतं. न मागितलेली गोष्ट कोणी देऊ केली की मगच कळतं, आपल्याला ती केव्हाची हवी होती.

सहा खडे निवडून झाले. कारागिरानं ते बसवलेही. राहिली हासली. तिच्यात हिरवा खडा जाणार होता. बबिता त्या दिवशी दागिन्याचं चित्र पाहत होती आणि तिच्या तोंडून आपल्या बोलीतला शब्द गेला, "याले लीलो पायजे." कोकिळाला तो शब्द इतका आवडला की तिनं लगेच वहीत लिहिला. "लीलो म्हंजे?" तिनं विचारलं. बबिता चित्रातच होती. "लीलो म्हंजे लीलो," ती म्हणाली. "पावसाळ्यात बांधावर दिसते थे."

कोकिळानं 'बांधावर' असंही लिहून ठेवलं.

जयपूरचा देवीलाल पाचू आणायचा तो फक्त हिवाळ्यात. पाचूच्या अंगात भेगा असतात, त्या झाकायला त्याला तेल पाजतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात माणसाचंच तेल निघतं तिथे पाचूचं काय. एकदा तो एप्रिलात आला होता, तेव्हा पुड्या उघडेपर्यंत कागदांवर डाग पडले होते. तेव्हापासून संक्रांत झाली की देवीलाल येतो, आठ दिवस फिरतो, आर्णी, यवतमाळ, वणी, आणि थंडी उतरायच्या आत परत.

यंदा तो आला त्या सकाळी आभाळ धुतलेल्या ताटासारखं होतं. अंगणात सतरंजी पडली. देवीलालनं पिशवीतून पुड्या काढल्या, खड्यांच्या पुड्या पांढऱ्या कागदाच्या असतात, घडीवर घडी घातलेल्या. वामनराव खुर्चीत बसले. कोकिळा वही घेऊन आली.

"बाई, तुमच्यासाठी आणले ना, ते पाहून जयपूरवाले रडले," देवीलाल म्हणाला. पंधरा वर्षांत त्याची मराठी इथल्या मातीची झाली होती, वर जयपूरची धूळ.

"दरसाल रडते थे," बबिता म्हणाली. "डोळ्यायचं पाहा म्हनाव."

देवीलाल हसत चहाकडे वळला. बबितानं जवळची पुडी ओढली, घडी उलगडली, खडे मलमलीवर सांडले. आठ-नऊ होते. तिनं एकेक चिमट्यात धरला. दोन नुसतेच देखणे, मधून फिके. एक काळवंडलेला. आणि मग तो आला. करंगळीच्या नखाएवढा, चौकोनी, आणि आत असं पाणी की बबिता अंगणातून उठून कुठेतरी निघूनच गेली. तळ्याच्या तळाशी गवत हलतंय, वरून उजेड पडतोय आणि कोणाला कसली घाई नाही. ती तिथे किती वेळ होती कोण जाणे.

"हा," ती शेवटी म्हणाली. "हा लीलो. असा लीलो मी अजून पाह्यला नाई."

तिनं भिंग काढलं. देवीलाल चहाचा कप तसाच हातात धरून तिच्याकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "ती पुडी तर नीलमची आहे. वणीवाल्या गिऱ्हाइकाची. पाचूची ही इकडे आहे."

बबितानं मलमलीकडे पाहिलं. खडा हिरवा होता. तिला तो हिरवाच दिसत होता. या हिवाळ्यात तिनं दूधवाल्याला दोनदा सुनावलं होतं, दुधात हळद कायले टाकते म्हणून. त्यानं आईची शपथ घेतली होती. तो बिचारा आत्ता तिला आठवला.

तेवढ्यात कोकिळाचा चेहरा उजळला.

"अहो, ताईच्या बोलीत लीलो म्हंजे दोन्ही असंल," ती म्हणाली. "हिरवा बी अन् निळा बी. म्हनूनच मी विचारलं तर सांगता आलं नाई यायले. हो ना ताई?"

दार असं उघडं समोर आलं की माणूस आत जातोच. बबिता म्हणाली, "हो. आमच्यात दोन्हीले लीलोच म्हनते."

सगळे हसले. वामनराव म्हणाले, पाहा, आपन खडा पाह्यतो, बबिताबाई पाणी पाह्यते, तिले रंगाचं काय. देवीलाल म्हणाला, आमच्या मारवाडात तर लीलो म्हणजे हिरवाच, पण तुमचा तांडा चालत चालत इतका लांब आला, शब्दाला वाटेत निळा भेटला असेल. कोकिळा तर वहीत लिहीतच सुटली. "हे कार्डावर जाते. लीलो, बंजारा बोलीत हिरवा आणि निळा, दोन्हीसाठी एकच शब्द. मी आजच छापखान्यात सांगतो. काय सुंदर आहे हे, ताई."

"हो," बबिता म्हणाली.

डोकं दुखतं म्हणून तिनं पाचूची पुडी उघडलीच नाही. देवीलाल दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं जाणार होता. उद्या सकाळी पाहतो, म्हणाली.

तांड्यावर मानीबाई, तिची याडी, अंगणात उन्हात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. मानीबाई ऐंशीच्या पलीकडची, अजून घेरदार फेटिया, म्हणजे घागरा, आणि आरसे लावलेली काचळी घालायची. काचळीच्या बाहीवर हिरव्या कापडाचा तुकडा होता, बबितानंच लावलेला. बबिता समोर बसली, घाटे सोलू लागली. मग हात थांबला. तिनं डावा डोळा मिटला. बाहीवरचा तुकडा हिरवा, जरा वाळलेला, आणि आईच्या हातातले घाटेसुद्धा पिकायला आलेले. मग उजवा मिटून डावा उघडला. तुकडा एकदम ओला झाला, जसा काही कोणी बाहीवर पाणी टाकलं. आईच्या मागची भिंत पांढरी झाली. आभाळ लांब गेलं.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा. एका डोळ्यात एक तांडा, दुसऱ्यात दुसरा. मधे पापणीएवढं अंतर.

"काय व छोरी," मानीबाई म्हणाली, "आईले डोळे मारून राह्यली?"

"रंग पाह्यतो, याडी. हा तुकडा कोन्त्या रंगाचा?"

"लीलो."

"अन् आभाळ?"

"आभाळाले कायले पायजे रंग? आभाळ आभाळ हाये."

"मंग हा निळा रुमाल?" बबितानं खुंटीवरचा रुमाल दाखवला.

"थो निळा. तूच म्हनली ना आता."

"लीलो नाई?"

मानीबाईनं घाटे सोलायचं थांबवलं. लेकीकडे नीट पाहिलं. "रुमालाले लीलो कोन म्हनंल? म्हशीले गाय म्हनतं का कोनी?" मग थोड्या वेळानं, आवाज उतरवून, "उजवा ना? माहाबी उजव्यापासूनच सुरू झालता."

मानीबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळच्या शिबिरात झालं त्याला नऊ वर्षं झाली. "पट्टी सुटली," ती सांगू लागली, "अन् दवाखान्याची चादर निळी दिसे मले. मी नर्सले म्हनलं, बाई, नीळ जास्त पडली तुमची. थे हासली. म्हने, आजी, चादर पांढरीच हाये, तुम्हीच पिवळ्यातून आल्या." मानीबाईनं एक दाणा तोंडात टाकला. "इतकी वर्सं पिवळ्या तांड्यात राह्यलो मी, अन् मले पत्ताच नाई. मानसं बी पिवळी, ढोरं बी पिवळी. बरं चालू होतं पन."

बबिता आत जाऊन बाजेवर पडली. दिवेलागणीला अजून वेळ होता. झापडेतच तिला दिसलं की ती तुरीच्या शेतातून चालली आहे, डाव्या हाताची तूर फुललेली, उजव्या हाताची वाळलेली, आणि बांधावर तिची याडी सतरंजी टाकून बसली आहे, समोर पांढऱ्या पुड्या. लोक येतात, पुडी उघडून रंग तिथेच सांडतात आणि रिकामा कागद घेऊन जातात, कारण कागदावर शब्द लिहिलेला आहे. बबिता वाकून म्हणाली, मले लीलो दे. याडी पुड्या चाळत राहिली, चाळत राहिली. मग अगदी सहज म्हणाली, थो तर तू विकला काल.

ती उठून बसली. बाहेर कोणीतरी बकऱ्यांना हाकत होतं. आपल्या डोळ्याचं खोटं आपण याडीच्या शब्दावर टाकलं, हे तिला आत्ता नीट, अक्षर लावून वाचता आलं. आणि ते उद्या छापून येणार, खाली आपलं नाव. ज्या तांड्यावर ते कार्ड कोणी वाचून दाखवेल, तिथली शेंबडी पोरंसुद्धा म्हणतील, बबिताले लीलो म्हंजे काय हे बी मालूम नाई. पण खरं सांगावं तर नाव येणारच नाही. जिच्या डोळ्याला नीलम हिरवा दिसतो, तिचं नाव खड्यांखाली कोण छापेल? आणि मग पाटावर तरी कशाला बसायचं? घरी बसून घाटे सोलायचे.

हे सगळं तिनं संध्याकाळभर भाकरीबरोबर भाजलं. सकाळी पहिली काळी-पिवळी धरली.

कोकिळा शटर वर करत होती. "आज इतक्या लवकर? डोकं बरं हाये का?"

"कोकिळा, छापखान्यात सांगितलं का तू?"

"कालच लिहून देल्लं. आज अकरा वाजता उघडते थो, मंग छापते. काहून?"

"काल मी खोटं बोललो." बबिता उभीच होती, पिशवी छातीशी धरून. "लीलो म्हंजे हिरवा. निळ्याले लीलो कोनी म्हनत नाई आमच्यात. मले थो नीलम हिरवा दिसला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाये."

कोकिळाचा हात शटरवरच राहिला. तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिनं जो प्रश्न विचारला तो बबिताला रात्रभर माहीत होता.

"अन् आधीचे सहा?"

"त्याच डोळ्यानं पाह्यले."

कोकिळा आत गेली. काहीतरी जोरात ठेवल्याचा आवाज आला, बहुधा चहाचं पातेलं. वामनराव खुर्चीतून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "सूनबाई, सातही पेट्या अंगणात आण. अन् पातेल्यानं कायी केलं नाई, त्याले मारू नको."

दहा वाजले तेव्हा सतरंजीवर सहा दागिने मांडलेले होते आणि सातवी हासली, मधे रिकामी. बबितानं मलमलीची एक पट्टी फाडून उजव्या डोळ्यावर बांधली. देवीलाल आपली पिशवी घेऊन आला, तिला बघून दारातच थांबला.

"समुद्री डाकू," तो म्हणाला. "लुटणार आहे आज मला."

कोणी हसलं नाही, मग तो गुपचूप बसला.

डावा डोळा अडाणी होता. बावीस वर्षं उजवा पाटावर बसला आणि हा नुसता शेजारी मिटून राहिला, मोठ्या भावाच्या लग्नात चपला सांभाळणाऱ्या पोरासारखा. भिंग त्याला पेलेना. खडा हलायचा, कड दिसायची तर आतलं दिसायचं नाही. बबितानं घाई केली नाही. हळूहळू उजेड आत गेला आणि त्याच्या मागे ती गेली.

तामडा ठीक होता. अंबाडी होती तशीच, उलट जरा ताजी. माणिक ठीक. गोमेदातला पाक जरा पातळ झाला होता, पण चालेल असा. लसण्याच्या मधली रेघ मांजराच्या डोळ्यासारखी सरकली, त्याचं काही बिघडलं नव्हतं. निळा खडा पाहून ती दचकलीच, इतका निळा होता. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. सहा महिन्यांपूर्वी तिनं त्याला 'बरा आहे' म्हटलं होतं, आणि हा इतके दिवस पेटीत गप्प बसून राहिला होता.

मग टोपलीतला पुष्कराज. तिनं तो निवडला तेव्हा म्हणाली होती, तुरीच्या फुलाचं पिवळं. आता भिंगात फूल नव्हतं. बोअरचं पाणी होतं. स्वच्छ, चांगलं, आणि कोणत्याच रंगाचं नाही. पिवळा रंग सगळा तिच्याच डोळ्यातला होता.

"हा काढा," ती म्हणाली. "हा फिका हाये."

कोकिळा खाली बघत म्हणाली, "मले तर पयल्यापासूनच फिका वाटे."

बबितानं भिंग खाली घेतलं. "मंग बोलली काहून नाई?"

"तुमच्या नजरेपुढं मी काय बोलू? म्हनलं ताईनं पाह्यला म्हंजे आपल्यालेच दिसत नसंल. दोनदा उजेडात नेऊन पाह्यला मी. माह्याच डोळ्यायले दोष देल्ला."

मग बबिताला हसू आलं, ते कोकिळालाही आलं, आणि वामनराव म्हणाले, "वा. एकीले दिसे नाई अन् एकीनं सांगितलं नाई. दुकान बरं चाललं आपलं."

त्यांनी टोपली हातात घेतली. बारीक हत्यारानं खड्याभोवतीचा एकेक दात उचलायला लागले. हात थरथरत होते, पण हत्यार टेकलं की थांबायचे. शेवटचा दात उघडला तेव्हा पुष्कराज त्यांच्या तळहातावर पडला, आणि तळहाताच्या रेघा त्यातून सगळ्यांना दिसल्या.

"आता पाचू," देवीलाल म्हणाला. बसची वेळ त्याला खुणावत होती.

पुडीत अकरा होते. बबितानं सगळे मलमलीवर ओतले आणि चिमटा कोकिळाच्या हातात दिला. "रंग तू सांग. मी मधे बोलत नाई."

कोकिळा घाबरली. मग तिनं हळूच चार बाजूला काढले. "हा पिवळटला. हा बी. हे दोन निळ्याकडं जाते." तिनं एक उचलला. "हा. असा पायजे. बांधावरचा."

बबितानं तो डाव्या डोळ्याजवळ नेला. "रंग बरोबर हाये," ती म्हणाली. "पन झोपला हाये हा. आत कायी हालतच नाई."

"इतका स्वच्छ आहे, बाई," देवीलाल म्हणाला. "भेग नाही, जाळं नाही."

"म्हनूनच. अंगनात कोनी राह्यत नसंल तर अंगन स्वच्छच राह्यते." तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. एकाच्या आत बारीक जाळं होतं, चिंचेच्या सावलीसारखं जमिनीवर पसरलेलं, आणि खडा जरा फिरवला की ती सावली वाऱ्यावर हलायची. बबिता आत शिरली. या वेळी ती एकटी नव्हती. कोकिळाचं डोकं तिच्या डोक्याला लागलं होतं, तिचा श्वास भिंगावर येत होता, आणि खड्याच्या आत कुठेतरी दोघी एकाच सावलीत बसल्या होत्या.

"तेल जास्त नाई ना यात?" कोकिळानं विचारलं.

"हायेच थोडं. एक उन्हाळा काढंल." बबिता म्हणाली. "हिरवा हाये का पन? खरं सांगजो."

कोकिळानं उजेडात धरला, सावलीत धरला, आपल्या मनगटावर ठेवला. "हिरवा हाये, ताई. मले बी तोच वाटला होता आधी, पन जाळं पाहून सोडला."

हासलीत तो कागदावरच ठेवून पाहिला. बसला. टोपलीसाठी पिवळे खडे देवीलालकडे दोनच होते. त्यातला एक कोकिळानं निवडला, बबितानं त्याचं पाणी पाहिलं आणि मान हलवली. फार भारी नव्हता, पण पिवळा होता, आणि हे दोघींनी पाहिलं होतं.

देवीलाल पुड्या बांधता बांधता म्हणाला, "बाई, पुढच्या साली दोन्ही डोळ्यांनी बघा. एका डोळ्यानंच इतकं बघता, दोन झाले तर माझं काय होईल." तो गेला.

बबितानं डोळ्यावरची पट्टी सोडली. अंगण पुन्हा जरा पिवळं झालं. ती मलमल घडी घालत होती, कोकिळाकडे न बघता म्हणाली, "कार्डावर माहं नाव नको टाकू. ऑपरेशन झाल्यावर पाहू कधी."

कोकिळाचा फोन वाजला. छापखाना उघडला होता. ती कानाला फोन लावून अंगणातच येरझाऱ्या घालू लागली, वही दुसऱ्या हातात.

"हो, तेच कार्ड. ते लीलोचं लिहिलं असंल ना, ते बदला. लीलो, ल ला दुसरी वेलांटी. पुढं लिहा, हिरवा. निळा खोडा. एकच शब्द, एकच रंग, बस. खाली लिहा, खडे निवडले, बबिता आडे." ती थांबली. "अडे नाही हो, आडे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून म्हणतात ना, त्यातला आड, वर मात्रा."

बबिता घडी घातलेली मलमल तशीच हातात धरून बसली. मग म्हणाली, "कोकिळा, मंग तुहं बी टाक. पिवळा तू पाह्यला."

कोकिळानं फोनवर हात ठेवला. "मी एकच पाह्यला, ताई."

"मंग एकच टाक. पिवळा, कोकिळा."

कोकिळानं वामनरावांकडे पाहिलं. ते पुष्कराज कागदात बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ऐका," कोकिळा फोनमध्ये म्हणाली. "त्याच्या खाली अजून एक ओळ. पिवळा, कोकिळा. हो, एवढंच. नाही, चूक नाही."

पलीकडचा माणूस म्हणाला, इतक्या ओळी कार्डात बसणार नाहीत.

"बसवा," ती म्हणाली.